चाकणची ऑफर: सीटीसी (कंपनीचा माणसामागचा एकूण खर्च) 23,850, हातात किती आणि शिल्लक किती?

लातूरकर_व्हीएमसी
आयटीआय मशिनिस्ट, व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) 3 वर्षं. सध्या लातूर एमआयडीसीत हातात 13,500 मिळतात. घरूनच जातो, महिन्याला पेट्रोलचे 1,500 जातात. चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत ऑफर आहे. सीटीसी 23,850: बेसिक + डीए 15,000, एचआरए (घरभाडे भत्ता) 2,500, इतर भत्ते 2,500 (त्यात हजेरी भत्ता 1,000), बाकी पीएफ, ईएसआय (कामगार आरोग्य विमा), बोनस. पाळी 8 तासांची, ओटी (जादा वेळ काम) महिन्याला 50 तास तरी लागेल म्हणतात. बस आणि कँटीन नाही. यावं का?

पेरोलवाला_भोसरी
आधी सीटीसी सोलून घ्या. मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासन खर्चासकट बेसिकच्या 13 टक्के म्हणजे 1,950, ईएसआय 20,000 च्या 3.25 टक्के म्हणजे 650, बोनस बेसिकच्या 8.33 टक्के म्हणजे 1,250. हे 3,850 तुमच्या हातात येत नाहीत. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) उरला 20,000. त्यातून तुमचा पीएफ 1,800, ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 150, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 17,850.

बोनस दर महिन्याला देणार की दिवाळीला, हे लेखी घ्या. वर्षात 30 दिवस काम झालं की बोनसचा हक्क लागतो, पण दिवाळीआधी सोडलं तर ठेकेदार विषय काढत नाही. मागावा लागतो.

हजेरी भत्त्याचंही बघा. एक खाडा पडला की दिवसाचा पगार (हजेरी भत्ता सोडून 19,000 भागिले 26) 731 आणि वर पूर्ण 1,000, असे 1,731 जातात. ताप आला तरी माणूस मशीनवर येतो तो यामुळेच.

मेदनकरवाडी_खोली_नं_4
खर्च माझ्याकडून घ्या, एकट्या माणसाचा. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी किंवा खराबवाडीत तिघांत खोली घेतली तर माणशी 1,800 धरा, लाइट 250 (सबमीटरचा दर खोलीमालक ठरवतो, आधी विचारा), दोन वेळची मेस 3,000, नाश्ता-चहा 1,000, शेअर रिक्षा 600, मोबाइल 300, साबण-दाढी-किरकोळ 500, एसटीने महिन्यातून एकदा गाव 1,200. बेरीज 8,650. डिपॉझिट वेगळं, आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे वर मागतात.

मेसमध्ये गोम अशी की रविवारी संध्याकाळी बहुतेक ठिकाणी बंद, आणि रात्रपाळीला डबा वेळेवर मिळत नाही, मग बाहेर खाऊन 60-70 रुपये वाढतात. तिघे मिळून स्वयंपाक केलात तर 5 किलोचा छोटू सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो. रेशनकार्डात नाव असेल तर आधारवर तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानात उचलता येतं, बाकीचं घरचे गावी उचलतील.

सेटर_फानुक
वरच्या दोघांचे आकडे जोडा. 17,850 वजा 8,650 म्हणजे शिल्लक 9,200. लातूरला पेट्रोल जाऊन 12,000 घरात येतात. म्हणजे ओटीशिवाय चाकण 2,800 ने तोट्यात. सगळा खेळ ओटीच्या दरावर आहे.

कारखाने कायदा 1948, कलम 59 प्रमाणे ओटी दुप्पट होता, आणि तो नुसत्या बेसिकवर नाही, भत्ते धरून; नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी नवी कामगार संहिता आहे, तिच्यातही दर दुप्पटच. सगळे भत्ते धरले तर 20,000 भागिले 26 भागिले 8 म्हणजे तासाला 96.15, दुप्पट 192.30, 50 तासांचे 9,615. बरेच ठेकेदार बेसिकवर सिंगल देतात: तासाला 72 च्या आसपास, 50 तासांचे 3,606. तसं झालं तर शिल्लक 12,806, म्हणजे लातूरपेक्षा 806 जास्त, तेही 50 तास जादा राबून. तासाला 16 रुपये! दुप्पट असेल तर 6,815 जास्त, मग खुशाल या.

फोनवर ‘ओटी मिळेल ना’ असं विचारू नका, हो म्हणतीलच. तिथल्या एखाद्या ऑपरेटरची मागच्या महिन्याची पगार स्लिप बघा आणि ओटीच्या रकमेला तासांनी भागा.

दुसरं म्हणजे कोणत्या कामावर घेतायत? नुसतं लोडिंग-अनलोडिंग असेल तर पगार तिथेच अडकतो. जी54 (जॉबचा शून्यबिंदू) लावता येतो, टूल लेंग्थ घेता येते, ड्रॉइंग वाचून बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजायचं साधन) मोजता येतं, असं असेल तर सेटर-कम-ऑपरेटर म्हणून बोला. ट्रायलला हमखास टूल बदलून पहिला जॉब (मशीनवर घडवायचा भाग) काढायला लावतात. नवीन टूलची लांबी घेतल्यावर जुना वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेची भरपाई) शून्य करायला पोरं विसरतात आणि खोली चुकते. एच नंबर (टूलच्या लांबीच्या नोंदीचा) टूल नंबरशी जुळतोय का तेही सायकल स्टार्टआधी बघा, नाहीतर टूल थेट जॉबमध्ये घुसतं.

लातूरकर_व्हीएमसी
डोळे उघडले. दोन शंका. ओटी धरून 21,000 च्या वर गेलं तर ईएसआय बंद होतो का? आणि इथल्या पासबुकात माझे 1,800 दिसतात पण कंपनीचे फक्त 550. खातात का?

पेरोलवाला_भोसरी
नाही. 21,000 च्या मर्यादेत ओटी धरत नाहीत, पण जुन्या ईएसआय कायद्यात (नोव्हेंबर 2025 पर्यंत) 0.75 टक्के मात्र ओटीवरही कापायचे, त्यामुळे कपात 150 पेक्षा जास्त दिसायची. पगारवाढीने मर्यादा ओलांडली तरी एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा चालू कालावधी संपेपर्यंत ईएसआय सुरू राहतो. त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवस भरले असतील तर पुढे आजारपणात 70 टक्के पगार मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत.

550 बरोबर आहेत. कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शन खात्यात जातात, ते पासबुकात शेवटच्या रकान्यात दिसतील. पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. दोन महिने नोंद नसेल तर ठेकेदाराला विचारा, आणि तो टाळू लागला तर कंपनीच्या एचआरला लेखी द्या. ठेकेदाराने बुडवलं तर भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ठेकेदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच द्या, नवीन काढू देऊ नका.