खडकाचा राखाडी आणि साताऱ्याची हवा
जलरंगात आल्प्सचे डोंगर रंगवण्याबद्दलच्या वरच्या चर्चेत ‘सूचिपर्णी झाडांना ट्यूबमधला हिरवा तसाच लावू नका’ असं लिहिलंय, ते पटलं. ‘खडकासाठी काळ्यात पांढरा मिसळा’ हे मात्र नाही. पांढरा आला की पारदर्शकपणा गेला, खडक सिमेंटचा दिसतो. राखाडीसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून घ्या. अल्ट्रामरीनचे कण जाड पोताच्या कागदाच्या खळग्यांत बसतात, खरबरीतपणा फुकटात मिळतो.

हवेबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने रंग खरवडून कड्याची उजेडाची बाजू काढतात ना, ते वॉशची, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराची, ओली चकाकी नुकतीच गेली की करायचं. आधी केलं तर रंग ओघळून परत भरतो, उशीर झाला तर निघतच नाही. साताऱ्यात मे महिन्याच्या दुपारी ही वेळ हां हां म्हणता निघून जाते. जुलैत चहा पिऊन आलं तरी कागद ओलाच. म्हणून उन्हाळ्यात मी एकेक कडा रंगवते, अख्खा डोंगर एकदम नाही. आणि आल्प्सच्या फोटोवरून काढताना अजिंक्यताऱ्याची सवय जरा बाजूला ठेवा. आपला बेसाल्ट आडव्या थरांचा, तिथल्या माँ ब्लाँक शिखराकडच्या सुळक्यांचा ग्रॅनाइट उभ्या भेगांचा. तिथे कार्ड वरून खाली ओढायचं.