बाबाच्या जांघेत हर्निया, वेचणी होईपर्यंत थांबलं तर चालते का?

कास्तकाराचं_पोरगं
दारव्ह्याकडचा आहो. बाबाचं वय ५८, उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ येते, झोपलं का आपोआप आत जाते. दोन वर्षं झाले म्हणे, घरात कोणालेच सांगितलं नाही, जागाच तशी ना. मले तर तुरीचं कट्टं उचलताना एक हात जांघेवर दाबून धरलेला दिसला तवा समजलं. डॉक्टर म्हणे ऑपरेशन करून जाळी टाका, अन् बाबा म्हणून राह्यले दुखत नाही तर कायले कापाकापी, पट्टा आणून दे. कापूस घरात येईपर्यंत थांबता येते का? अन् जाळी आत सडत तर नाही ना?

वर्धेवाला_भाऊ
माह्यं झालं आहे. पट्टा मीबी आठ महिने बांधला, गाठ दबून राहते पण बरी होत नाही, उन्हाळ्यात घामोळ्या आल्या तेवढंच. टायर फाटलं का ट्यूबचा फुगा बाहेर येते ना, तसं पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतडं नाहीतर चरबी बाहेर येते, ते भोक गोळीनं बुजत नाही. जाळी प्लास्टिकच्या धाग्याची असते, सडत नाही, आपलं मांस तिच्यात गुंतून जाते. कमरेत इंजेक्शन देऊन चीर मारून केलं, दुसऱ्या दिवशी घरी. दीड महिना जड उचलू नका म्हटलं होतं अन् मी विसाव्या दिवशी फवारणीचा भरला पंप पाठीवर घेतला, टाके ओढले अन् बायकोनं अख्ख्या वावरात आवाज काढला.

सिस्टर_नाईट_ड्युटी
दादा, त्रास नसेल आणि गाठ सहज आत जात असेल तर डॉक्टरांना विचारून काही महिने थांबता येतं. अमेरिकेत २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात अशा थांबलेल्या पुरुषांमध्ये आतडं अडकल्याच्या केसेस फारच कमी निघाल्या, पण पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं तेव्हा दहा वर्षांत तिघांतल्या दोघांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, बहुतेकांनी दुखायला लागलं म्हणून. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या, गॅस-संडास बंद, यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते काळं पडतं. तेल लावून चोळणाऱ्याकडे तर अजिबात नेऊ नका, माझं डोकंच फिरतं. आणि बिडीचा खोकला, कुंथणं, लघवीला जोर लावणं, हे आधी बघा, नाहीतर जाळीवरही तोच ताण येतो. दुर्बिणीनं करायचं तर बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते, दोन्ही बाजूला असेल तर ती बरी. पैशाचं सरकारी आरोग्य योजनेच्या दवाखान्यात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

खानदेशी_पाव्हणा
जाळी महाग पडते म्हणून आमच्याकडे दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, २००३ मध्ये सर्जनांच्या जर्नलमध्ये छापूनबी आलं. घरची मच्छरदाणी कापू नका फक्त 😄

कास्तकाराचं_पोरगं
बाबाले सगळं वाचून दाखवलं. बिडीचं आलं तसे उठून गोठ्याकडे गेले. पट्टा आणत नाही, पहिली वेचणी झाली का तारीख घेतो, तोवर कट्टे मीच उचलतो.