शिल्लक ७ एमएलडी (रोज ७० लाख लिटर) दिसते, नवे गृहप्रकल्प ११. पाणी वाटायचं कसं?

पापु_पूर्वभाग

पुण्याच्या कडेची नगर परिषद. जलशुद्धीकरण केंद्र २४ एमएलडीचं, रोज २२ एमएलडी पुरवठा दाखवला जातो. लोकसंख्या १ लाख १० हजार. माणशी १३५ लिटरने १४.८५ एमएलडी लागतात, म्हणजे ७ च्या वर शिल्लक.

पाण्याच्या ना-हरकतीसाठी ११ प्रकल्पांचे अर्ज आलेत, मिळून ९,४०० सदनिका. घरटी ५ माणसं धरली तर ६७५ लिटर, एकूण ६.३५ एमएलडी. गणित बसतंय. पण व्हॉल्व्हमन म्हणतात की शेवटच्या दोन गल्ल्यांत आत्ताच पाणी चढत नाही. शिवाय २,६०० सदनिकांना बांधकाम परवानगी आधीच गेली आहे, भोगवटा (राहायला जायचा दाखला) बाकी आहे.

वाटप अर्जाच्या तारखेने करावं की आणखी कसं? सर्वसाधारण सभेपुढे ठराव न्यायचाय. सध्या पुरवठा दिवसाला २ तास.

उर्ध्ववाहिनी

गणित बसत नाहीये साहेब. एकेक आकडा सोलून बघा.

पहिलं, हे २२ कशाचे? जॅकवेलवरच्या (उपसा विहिरीवरच्या) कच्च्या पाण्याचे असतील तर फिल्टर धुण्यातच ३ ते ५ टक्के जातात. बऱ्याच ठिकाणी हा आकडा मीटरचा नसतोच. लॉगबुकातले पंपाचे तास गुणिले पंपाच्या पाटीवरचा डिस्चार्ज (प्रवाह), एवढंच असतं. इंपेलर (आतलं फिरणारं चाक) झिजलेला पंप पाटीइतकं पाणी देत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवत असाल तर तो शून्य सरासरीत धरलाय का तेही पाहा. सहा दिवस २२ आणि एक दिवस शून्य म्हणजे सरासरी १८.८६. शुक्रवारचं 'उशिरा व कमी दाबाने' वेगळंच.

तूर्त २२ खरे धरू. गळती आणि बेहिशेबी पाणी मिळून २५ टक्के धरा. मोजलेलं नसेल तर याहून कमी धरू नका. लोकांपर्यंत पोचतात १६.५. त्यातून १४.८५ गेले, उरले १.६५. शाळा, हॉटेलं, दवाखाने, मंगल कार्यालयं यांचे अर्धा एमएलडी तरी काढा. राहिले १.१५.

आता तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं वाक्य. परवानगी गेलेल्या २,६०० सदनिका गुणिले ६७५, म्हणजे १.७५ एमएलडी. हे पाणी दिलेलं नाही, पण शब्द दिलेला आहे. म्हणजे शिल्लक उणे ०.६. अकरा अर्जांपैकी पहिला उघडण्याआधीच खातं तुटीत आहे.

धरणातल्या आरक्षणाकडे बोट दाखवून कोणी ७ एमएलडी म्हणत असेल तर त्यांना पिंपरी-चिंचवड दाखवा. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पवना धरणातून पाणी आणायच्या बंदिस्त जलवाहिनीचं काम, तिला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पोलिसांनी गोळीबार केल्यावर, अडकून पडलं. पुढे आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून मिळून २६७ एमएलडीचा कोटा मंजूर झाला, पण कोटा मंजूर होणं आणि ते पाणी टाकीत पडणं यात वर्षं जातात. खडकवासला साखळीतले सुमारे २९ टीएमसीही (अब्ज घनफूट) एकट्या पुण्याचे नाहीत, कालव्याखाली दौंड-इंदापूर आहे. ठरावात 'उपलब्ध पाणी' याची व्याख्या लिहा: मे महिन्यात टाकीच्या आउटलेटवर मीटरने मोजलेलं.

चावीवाला

वरचा हिशेब गावाचा झाला. तुमचे व्हॉल्व्हमन सांगतात ती गोष्ट झोनची, म्हणजे एकेका टाकीवरच्या भागाची आहे.

१५० मिमीच्या लाइनमधून सेकंदाला १ मीटर वेगाने साधारण १७.७ लिटर पाणी जातं. २ तासांत सव्वा लाख लिटर. भागिले ६७५, म्हणजे १८८ घरं. त्या लाइनवर आधीच १५० घरं असतील आणि तुम्ही ४०० सदनिकांचा प्रकल्प जोडलात, तर केंद्रात ५० एमएलडी असून उपयोग नाही. ३०० मिमीला हाच हिशेब ७५० घरांचा येतो. म्हणून ना-हरकत गावाच्या शिलकीवर देऊ नका. कुठली टाकी, कुठली लाइन, किती व्यास, त्यावर आज किती जोड, हे अर्जाच्या पहिल्या पानावर हवं.

शेवटच्या गल्लीत पाणी का चढत नाही? मोठ्या सोसायटीची भूमिगत टाकी रस्त्याच्या पातळीखाली, तिचा इनलेटही खाली. म्हणजे लाइनला तिथे भोकच पडलेलं असतं. दाब शून्यावर आला तरी ती टाकी ओढत राहते. पुढच्या बैठ्या घराला फेरूलपाशी (लाइनवरच्या घरजोडापाशी) किमान ७ मीटर उंच पाणी चढेल एवढा दाब लागतो, तो उरणार कुठून? तीन मजल्यांना १७ मीटर लागतो.

१०० सदनिकांचा वाटा ६७,५०० लिटर. २ तासांत घ्यायचा तर सेकंदाला ९.४ लिटर. जोडावर तेवढ्याच प्रवाहाचा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह बसवा, आणि तोही सोसायटीच्या आवारात नको, आपल्या कुलपाच्या चेंबरमध्ये. इनलेट पाइप रस्त्यापासून मीटरभर वर उचलून मग टाकीत सोडायला लावा. फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की आपोआप बंद होणारा) सक्तीचा. नाहीतर पाणी सुटल्यावर ओव्हरफ्लो गटारात जातो आणि तुमच्या मीटरवर तो 'वापर' म्हणून दिसतो.

मीटरचंही तेच. दोन तासांच्या पुरवठ्यात लाइन रोज रिकामी होते. पाणी सुटलं की आधी हवा येते आणि यांत्रिक मीटर भिंगरीसारखा फिरतो. आधी हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह, मग मीटर. इलेक्ट्रोमॅग्नेटिक घेतलात तर आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर तिप्पट सरळ लांबी सोडा. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटवलेला मीटर काय वाटेल ते दाखवतो.

नगररचना_टेबल४

तारखेच्या क्रमाने वाटू नका. 'आधी येईल त्याला' म्हटलं की १,८०० सदनिकांचा एकच अर्ज सगळा कोटा गिळतो आणि जोत्याचीही वीट न रचता तीन वर्षं बसून राहतो. मागचे खोळंबतात.

त्यापेक्षा सहामाही फेऱ्या ठेवा. प्रत्येक फेरीआधी झोनवार शिल्लक जाहीर करायची, सदनिकांत नाही, लिटर प्रतिदिनात. एका प्रकल्पाला एका फेरीत झोनच्या शिलकीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नाही. मोठ्यांनी टप्प्याने यावं, इमारत-इमारत करून. पाचवा हिस्सा छोट्या भूखंडांसाठी बाजूला, कारण गुंठ्यावर घर बांधणारा माणूस फेऱ्यांच्या स्पर्धेत टिकत नाही. आरक्षणाची मुदत २४ महिने. तोवर जोते तपासणी प्रमाणपत्र (बांधकाम जोत्यापर्यंत आल्याचा दाखला) नसेल तर पाणी आपोआप परत, आणि दुसऱ्या प्रकल्पाला वर्ग करता येणार नाही. ही शेवटची अट विसरलात तर पाण्याच्या ना-हरकतीचा बाजार भरेल.

आणि अडवायचं ते बांधकाम परवानगीच्या टेबलावर. भोगवट्यापाशी अडवलं की लोकांचे हप्ते सुरू झालेले असतात. ते भोगवट्याविना राहायला जातात, मग तात्पुरता जोड, मग अनधिकृत जोड, मग तो नियमित करण्याचा ठराव. २०१६ ला बाणेर-बालेवाडीचा पाणीप्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि नव्या बांधकामांवर बंधनं आली. तिथवर वेळ आणू नका.

पापु_पूर्वभाग

उणे ०.६ वाचून डोकं गरगरलं, पण आकडे खोडता येत नाहीत. २२ हे पंपाच्या तासांवरूनच काढलेत. गुरुवार धरलेला नाही.

दोन शंका. गळती २५ वरून १८ टक्क्यांवर आणली तर १.५४ एमएलडी मोकळे होतात. ते आजच वाटपात धरता येतील का? आणि विकासक म्हणतात की फ्लशला एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी वापरू, म्हणून १३५ ऐवजी ९० ने मोजा.

उर्ध्ववाहिनी

गळतीचं पाणी मोजून दिसल्याशिवाय वाटू नका. ते १.५४ आले असं धरलं तरी आधी ०.६ ची तूट भरा. उरतात ०.९४, म्हणजे ६७५ ने सुमारे १,३९० सदनिका. अर्ज ९,४०० चे आहेत. सभेला हा एक आकडा दिलात तरी पुरे.

मैला_आणि_माणूस

९० चं गणित कागदावर बरोबर आहे. १३५ मधले ४५ लिटर फ्लशचे, ते वजा करता घरटी ४५० लिटर. वरच्या ०.९४ मध्ये मग २,०८० च्या आसपास सदनिका बसतात. पण पहिल्या दिवसापासून ही सवलत देऊ नका.

४०० सदनिकांच्या प्रकल्पात पहिल्या वर्षी शंभरेक घरंच नांदती असतात. एसटीपी पूर्ण क्षमतेचा बांधलेला, त्यात येणारं मैलापाणी पाव हिस्सा. जिवाणूंना खायला नाही, गाळ धरत नाही, वास येतो. ऑपरेटर एअर ब्लोअर दिवसातून चार तास चालवून वीज वाचवतो. मग फ्लशला पिवळं पाणी येतं, रहिवासी ओरडतात आणि कोणीतरी गच्चीवर जाऊन फ्लशच्या टाकीला पिण्याच्या टाकीची लाइन जोडून देतं. त्या क्षणी तुमचे ४५ लिटर परत आलेच, वर दूषित पाणी उलटं शिरायचा धोका.

म्हणून एसटीपी दोन भागांत बांधायला सांगा म्हणजे अर्धा आधी चालू होतो. सुरुवातीला १३५ ने वाटा द्या. साठेक टक्के घरं भरली आणि फ्लश लाइनच्या मीटरवर सलग तीन महिने माणशी ३५ ते ४० लिटर दिसले, की वाटा ९० वर आणा. तपासणी सोपी आहे: फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि स्वयंपाकघरातले नळ सोडून बघा. रंग दिसला तर जोड चुकलाय.

पावसाचं पाणी आणि बोअर उपलब्धतेत धरू नका. मे महिन्यात दोन्ही नसतात, आणि टंचाई मे महिन्यातच असते.

सोसायटी_सचिव

हमीपत्राचंही बोला. 'नगर परिषद पाणी देईपर्यंत विकासक स्वखर्चाने पाणी पुरवील' हे वाक्य सगळीकडे असतं. सोसायटी हस्तांतरित झाली की विकासक मोकळा, टँकरचं बिल देखभाल खर्चात. १०० सदनिकांना ६७,५०० लिटर म्हणजे १० हजारी टँकर रोज ७. टँकर १,२०० रुपयांचा धरला तर वर्षाचे ३० लाख ६६ हजार. एवढ्या रकमेची बँक हमी दोन वर्षांसाठी घ्या, आणि ती वटवायचा अधिकार सोसायटीने अर्ज केल्यावर नगर परिषदेला. नुसत्या मुद्रांकावरच्या हमीपत्राला कोणी भीत नाही.

टँकर कुठून भरतात तेही नोंदवायला लावा. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड, धायरीकडे जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा टँकर आणि विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यायची धावपळ झाली. ओटी टेस्टची (पाण्यातलं क्लोरीन तपासायची) बाटली वॉचमनकडे ठेवा. नळाला ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन दिसला नाही तर टँकर परत.

चावीवाला

पापुसाहेब, मीटर यायला निविदा आणि सहा महिने लागतील. तोवर उंच टाकीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रंगवून घ्या. १० लाख लिटरची, ५ मीटर पाण्याची टाकी असेल तर दर सेंटिमीटरला २,००० लिटर.

टाकी भरली की इनलेट बंद ठेवून पुरवठा सोडा. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा लिहून घ्या, फरक गुणिले २,०००. हे रोज, झोनवार, महिनाभर करा. पुरवठा चालू असताना इनलेट उघडा राहिला तर तो दिवस खोडा. मग एका रात्री त्याच झोनमधल्या सोसायट्यांचे आणि घरांचे स्टॉपकॉक बंद करून घ्या, आदल्या दिवशी रिक्षा फिरवून सांगा, आणि तासभर लाइन भरून ठेवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं रिकामी लाइन भरण्यात जातात, ती सोडा. त्यानंतर पट्टी जेवढी उतरेल ती तुमची गळती. एवढं झालं की २५ टक्के खरे की ३५ हे कळेल, आणि कुठली लाइन उकरायची तेही.

पापु_पूर्वभाग

आमची मधली टाकी १२ लाखांची, ४ मीटर. म्हणजे सेंटिमीटरला ३,०००. रंगारी उद्या चढवतो. ठराव पुढच्या सभेवर ढकलतोय, विषयपत्रिकेत फक्त 'मोजणीअंती' एवढंच ठेवलं आहे.