हवेच्या डक्टसाठी लॉक फॉर्मर (पत्र्याच्या कडेला लॉक पाडणारं मशीन) कोणतं घ्यावं?

वाळूजला छोटं वर्कशॉप आहे. आजवर पिट्सबर्ग लॉक, म्हणजे एका पत्र्याच्या खिशात दुसऱ्याची कड बसवायचा कोपऱ्याचा जोड, बाहेरून मारून आणायचो. रिक्षातून पत्रा नेता-आणता कोपरे दुमडतात, पोरं वैतागतात. आता स्वतःचं मशीन घ्यायचंय. विकणारा म्हणतो, डायरेक्ट फ्लँज मशीन (डक्टचे तुकडे एकमेकांना जोडायची कड काढणारं) घ्या. काम जास्त २४ आणि २२ गेजचं, कधीमधी २० (गेज कमी तितका पत्रा जाड).

लातूरहून: भाऊ, आधी लॉक फॉर्मरच घ्या. फ्लँजचं मशीन रोज मोठे डक्ट निघत असतील तरच परवडतं. तोवर लोखंडी अँगलच्या फ्लँजवर भागतं. अन् डेमोला त्यांचा पत्रा वापरू देऊ नका. आपला ०.६३ आणि १ मिमी, म्हणजे २४ आणि २० गेज, दोन्ही घेऊन जा. मी फक्त पातळ पत्रा बघून मशीन आणलं. २० गेज घातला की पत्रा केळासारखा वाकून बाहेर यायचा. रोलरमधली फट जाडीप्रमाणे लावायला लागते, हे मला दोन शीट भंगारात गेल्यावर कळलं.

जालन्याहून: लॉकच्या खिशात पत्र्याची कड सैल बसते का घट्ट, हातानं बघा. घट्ट असली तर कारागीर मोगरीनं ठोकून ठोकून दमतो, सैल असली तर हवा गळते. रोलरवर जस्ताची पूड साचते, ती पुसत जा. थ्री फेज आहे ना?

वाळूजहून: आहे, लाइट टिकली तर. शनिवारी दोन्ही पत्रे घेऊन जातो. कापताना लॉकसाठी किती जादा पत्रा धरता तुम्ही?

लातूरहून: मशीनवर एक पट्टी काढून मोजा, कॅटलॉगवर जाऊ नका. माझ्याकडं खिशाच्या बाजूला ३० मिमीच्या आसपास जातो.