पाचिंको ‘एकदा बसाच’? माझा विरोध आहे

निशिकासाईकर: काल जपान सहलीच्या चर्चेत ‘भटक्या’ यांनी लिहिलं, “टोकियोत पाचिंको पार्लरमध्ये, म्हणजे गोळ्या उडवायच्या मशीनच्या खेळघरात, एकदा बसाच. जुगार नाही तो, जपानी पिनबॉल आहे. हजार येनची गंमत.” वाचून राहवलं नाही.

हजाराची नोट सरकवली की नेहमीच्या चार येनच्या मशीनवर 250 पोलादी गोळ्या मिळतात. उजव्या हाताने गोल मूठ जराशी पिळून धरायची, एवढंच तुमचं काम. मिनिटाला 100 पर्यंत गोळ्या सुटतात. काही परत आलं नाही तर गंमत तीन मिनिटांत आटोपते. खिळ्यांवर आपटत एखादी मधल्या भोकात गेली की पडद्यावर आकडे फिरतात. दोन सारखे येतात, तिसरा अडतो, दिवे लखलखतात, आणि नवखा माणूस दुसरी नोट काढतो. मोठ्या बक्षिसाच्या मशीनवर तिन्ही सारखे येण्याची, म्हणजे जॅकपॉटची, शक्यता साधारण 319 फिरकींत एक.

आणि जुगार नाही कसा? पार्लरला रोख द्यायला कायद्याने बंदी. म्हणून टोकियोत जिंकलेल्या गोळ्यांच्या बदल्यात काउंटरवर प्लास्टिकच्या डबीतला सोन्याचा तुकडा देतात. जवळच्या गल्लीत एक खिडकी असते, माणसाचा चेहराही धड दिसत नाही. डबी आत, नोटा बाहेर. तिथून ती घाऊक व्यापाऱ्यामार्फत परत पार्लरकडे.

भटक्या: अहो, पगार घालवा असं कोण म्हणालं? एक येनची मशीनं आहेत, त्याच हजारात चौपट खेळ. 2020 पासून खेळताना सिगारेटचा धूरही नाही. 1995 च्या सुमारास 18 हजार पार्लर होती, आता 7 हजारांहून कमी. संपत चाललेली गोष्ट बघून घ्या म्हटलं तर काय बिघडलं? वेगासचे फोटो टाकतात तेव्हा कुणी प्रवचन देत नाही.

अनुराधा_ठाणे: भटक्या, माझी तक्रार वेगळी. तुमची पोस्ट वाचून आम्ही लेकाला घेऊन गेलो आणि दारातूनच परत पाठवलं. 18 च्या आतल्यांना बंदी आहे. कुटुंबाच्या सहलीच्या यादीत हे घालताच कशाला?

पणजीकर: जपानला नावं ठेवण्याआधी आमच्या गोव्यातल्या मांडवी नदीकडे बघा. 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं आली, 1996 मध्ये जहाजांवर जुगाराची टेबलं. जहाजं नदीतून हलवू म्हणून किती सरकारांनी सांगितलं! 2020 मध्ये गोंयकारांना कॅसिनोबंदी केली, जहाजं तिथंच. आणि येतं कोण? तुमचे महाराष्ट्रातले लोक, गाड्या भरून.

आप्पा_लालबाग: महाराष्ट्राला बोल लावू नका. आमच्याकडे 1976 चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही, 2023 मध्ये रद्दही केला.

पणजीकर: आणि 1969 पासून सरकारी लॉटरी चालवता ती? मटका कुठला, आमचा?

आप्पा_लालबाग: मटक्याचं मला शिकवू नका. माझे काका गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आधी आकडा, मग घर. ओपन, म्हणजे पहिला आकडा, लागला की पोरांना भजी, क्लोज, म्हणजे नंतरचा, फसला की काकूला मार. काकूने रेशनकार्ड वाण्याकडे गहाण टाकलं होतं. हे बघितलंय मी. म्हणून सांगतो, लॉटरी आणि मटका एक नाही. तिकिटावर किंमत छापलेली असते, उधारीवर मिळत नाही.

पणजीकर: माझ्या मेव्हण्याने लॉटरीच्या तिकिटांपायी दुकान विकलं. छापील किमतीनेच गेलं ते! सरकारने घेतलं की पुण्य होतं का?

आप्पा_लालबाग: घरच्या माणसावर आलं म्हणून सगळ्यांवर ओरडू नका.

पणजीकर: तुम्ही काकांचं काढलंत तेव्हा?

निशिकासाईकर: दोघांनी जरा थांबा. तुमच्या काकूंचं लिहिलंत, आप्पा, तेच मी म्हणतोय. उन्हाळ्यात पार्लरच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवलेलं मूल दगावल्याच्या बातम्या इथे जपानमध्ये वर्षानुवर्षं आल्या आहेत. म्हणून पार्लरचे कर्मचारी पार्किंगमध्ये गस्त घालतात. आईबाप आत मूठ पिळत बसलेले. याला पिनबॉल म्हणायचं?

भटक्या: बरं. ‘जुगार नाही’ हे वाक्य काढतो. ‘बसाच’ काढणार नाही. हजार येन घेऊन आत जाऊन बाहेर येणारेही खूप असतात.

निशिकासाईकर: मग तीन मिनिटांचा हिशेब आणि गल्लीतली खिडकीही लिहा.

अनुराधा_ठाणे: आणि मुलांना बंदी आहे हे सगळ्यात वर.

पणजीकर: आप्पा, लॉटरीचं उत्तर राहिलंय.