सीडर पॉइंटला पहिल्यांदा जाताना: तुमचे अनुभव हवेत

येत्या जुलैत आम्ही ओहायोतल्या सीडर पॉइंटला जायचं ठरवतोय. कोलंबसला येऊन अजून वर्षही झालेलं नाही. घरात बारा वर्षांचा मुलगा, ज्याला सध्या रोलर कोस्टरशिवाय दुसरा विषय नाही; सहा वर्षांची मुलगी, जिला दादा करेल ते सगळं करायचं असतं; आणि उन्हाळ्यापुरते सांगलीहून आलेले सासू-सासरे. एवढं मोठं पार्क आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही.

वाचायचं ते वाचून झालंय. सँडस्की गावाजवळ, लेक एरीत घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर हे पार्क आहे. १८७० पासून लोक तिथे जाताहेत. तिकीट, पार्किंग, वेळा सगळं कळलं. पण आत शिरल्यावर पाय कुठे वळवायचे, धाकटीची समजूत कशी घालायची, सासूबाईंचा दिवस आनंदात कसा जाईल, हे जाऊन आलेलं माणूसच सांगू शकतं. म्हणून हा धागा. तुम्ही गेलात तेव्हा काय केलंत ते हात आखडता न घेता लिहा. दुसऱ्या पार्कचा अनुभव असेल तर तोही चालेल.

डेट्रॉइटजवळून

आमचं घर तिथून दोन तासांवर आहे, त्यामुळे दर उन्हाळ्यात जाणं होतंच. ताई, एक गोष्ट पक्की धरा: हे पार्क लांबट आहे. पुढच्या दारातून शिरताना गेटकीपर नावाचा कोस्टर तुमच्या डोक्यावरून सूं करत जातो, थोडं पुढे रॅप्टर हा दुसरा कोस्टर दिसतो, आणि आलेली गर्दी तिथेच थबकते. तुम्ही थबकू नका. तडक मागे चालत सुटा, पार्कच्या फ्रंटियरटाउन नावाच्या भागापर्यंत. चांगलीच तंगडतोड आहे, पण स्टील व्हेंजन्स हा कोस्टर तिथे आहे आणि दुपारी त्याची रांग बघून तुमच्या मुलाचा चेहरा उतरेल.

स्टील व्हेंजन्सबद्दल थोडं जास्त लिहितो. तिथे आधी मीन स्ट्रीक नावाचा मोठा लाकडी कोस्टर होता, १९९१ चा. तो २०१६ मध्ये बंद झाला. मग त्याच लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ बसवून २०१८ मध्ये हा नवा उभा राहिला. उंची २०५ फूट, पहिली उडी सरळ खाली, ९० अंशांत. पण खरी मजा त्या उडीत नाही, तिच्यानंतर आहे. गाडी लाकडाच्या जंगलात शिरते, तुळया डोक्यावरून जात असतात, आणि एकामागून एक टेकड्या तुम्हाला बाकावरून उचलत राहतात. मांडीवरचा दांडा तेवढा धरून ठेवतो. उतरल्यावर माझा मुलगा नुसता हसत होता, शब्द फुटत नव्हता. खिशातल्या सुट्या वस्तूंबाबत तिथे फार कडक नियम आहेत. फोनसुद्धा आधीच लॉकरमध्ये टाका किंवा न चढणाऱ्याकडे द्या.

तिथून मॅव्हरिक, मग मिलेनियम फोर्स हे कोस्टर, असं मागून पुढे येत जा. दुपारी गर्दी मागे सरकते, तेव्हा तुम्ही पुढच्या बाजूला असाल. आणि शक्यतो मंगळवार-बुधवार बघा. शनिवार अजिबात नको.

दोन मुलींची आई, टोलेडो

निघण्याआधी घरीच उंची मोजा. तिथे वय कुणी विचारत नाही, उंचीची पट्टी बोलते. रॅप्टरला ५४ इंच लागतात, स्टील व्हेंजन्स आणि मॅव्हरिकला ५२, मिलेनियम फोर्स आणि मॅग्नमला ४८. अर्ध्या इंचासाठी कर्मचाऱ्यांशी वाद घालणारे पालक मी पाहिलेत. तो पोरगा किंवा पोरगी किती लहान वयात किती लोकांसमोर शरमिंदी होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. दांडा त्या मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो, त्यात तडजोड नसावी.

मी धाकटीला आदल्या आठवड्यात भिंतीशी उभं केलं, खडूने रेघ मारली आणि कुठल्या राइड्स तिच्या आहेत त्यांची यादी तिच्याकडूनच लिहून घेतली. कार्टूनमधल्या स्नूपी कुत्र्याच्या नावाचे दोन भाग आहेत लहानांसाठी, तिथे वूडस्टॉक एक्सप्रेस नावाचा छोटा कोस्टर आहे. तो 'तिचा' कोस्टर झाला. थोरली बहीण तिच्याबरोबर त्यात बसली, हे तिला फार महत्त्वाचं वाटलं. तुमच्या मुलालाही सांगा, बहिणीच्या कोस्टरमध्ये बसायचं आणि मनापासून ओरडायचं.

नवरा-बायको दोघांनाही मोठ्या राइडवर जायचं असेल तर 'पॅरेंट स्वॅप'बद्दल आत गेल्या गेल्या विचारा. एकजण मुलांपाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग अदलाबदल. पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही.

क्लीव्हलंडहून, मेकॅनिकलवाला

मुलगा उड्या मारत असेल, पण ताई, तुम्ही आणि तुमचे यजमान? भीती वाटत असेल तर चढण्याआधी यंत्र समजून घ्या. माझी भीती त्यानेच गेली.

साध्या कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला एकदा वर नेते, पुढचा सगळा प्रवास त्या उंचीत साठलेल्या ऊर्जेवर. वारा आणि घर्षण त्यातली थोडी थोडी खात जातात, म्हणून पुढची टेकडी पहिलीपेक्षा बुटकीच असते. चढताना खालून टक-टक-टक आवाज येतो, ज्याने निम्म्या लोकांची गाळण उडते. तो आवाज म्हणजे गाडीखालचा खटका रुळालगतच्या दातांवर पडत जाणं. साखळीने दगा दिला तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती सोय आहे. मी तो आवाज कान देऊन ऐकतो आणि प्रत्येक 'टक'ला मला बरं वाटतं. मिलेनियम फोर्सवर मात्र साखळीऐवजी दोर आहे. गाडी झपाट्याने आणि जवळजवळ गुपचूप ३१० फुटांवर जाते, तेव्हा आधीच मनाची तयारी ठेवा.

पोटात गोळा येतो तो वेगाने नाही. टेकडीच्या माथ्यावर गाडी खाली वळते आणि शरीर मात्र सरळ जाऊ पाहतं, तेव्हा. मागच्या डब्यात तो जास्त जाणवतो, कारण माथ्यावर पोचेपर्यंत पुढच्या डब्यांनी गाडी खेचायला सुरुवात केलेली असते. पहिल्यांदा मधल्या डब्यात बसा. उतरणीला श्वास रोखू नका, तोंडाने सोडा, ओरडलात तर आपोआप सुटतो.

चढती भाजणी अशी लावा: आधी आयर्न ड्रॅगन, जो रुळाखाली लटकत झुलत जातो. मग जेमिनी, १९७८ चा. त्यात दोन गाड्या शेजारी-शेजारी शर्यत लावतात, समोरच्या गाडीतल्या अनोळखी लोकांना हात करता येतात. मग मॅग्नम. १९८९ मध्ये तो उघडला तेव्हा पूर्ण फेरी मारणाऱ्या कोस्टरने २०० फुटांची रेघ पहिल्यांदा ओलांडली. चढताना शेजारी लेक एरी असं पसरलेलं दिसतं की भीती विसरायला होतं. तिथून उतरून पाय स्थिर असतील तर मिलेनियम फोर्स. ताशी ९३ मैल. नसतील स्थिर, तर मॅग्नमवर थांबलात तरी दिवस सार्थकी लागला.

टॉप थ्रिल २ (४२० फूट) मुलाने मागितला तर एवढंच सांगतो: त्याला भाजणीत धरू नका. चालू दिसला आणि हिंमत असेल तर जा.

वरच्यांना पुस्ती

उंच राइड्स वाऱ्याने बंद ठेवतात आणि जवळपास वीज चमकली तर सगळंच थांबवतात. तळ्यावरचं हवामान तासात बदलतं. मुलाने एकाच कोस्टरवर जीव टाकलेला असेल तर त्याला हे घरीच सांगून ठेवा. बारीक पावसात मात्र रांगा ओसरतात. पातळ रेनकोट घेऊन थांबणाऱ्यांची त्या दिवशी चंगळ असते.

कोलंबसहून, तुमच्याच गावातली

खाण्यापिण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. आम्ही थेपले, दशम्या, चटणी आणि दहीभाताचा डबा बर्फाच्या पेटीत घालून गाडीत ठेवतो. दुपारी बाहेर पडताना हातावर शिक्का मारून घ्यायचा, गाडीपाशी जेवायचं, थोडी पाठ टेकायची आणि परत आत. सासू-सासऱ्यांना हा तासभर फार लागतो. उन्हात उभं राहून चीज पिझ्झा खाणं त्यांना झेपत नाही. आत खायचंच तर ताज्या कापलेल्या बटाट्याच्या फ्राइज घ्या, व्हिनेगर शिंपडून. तिथली जुनी ख्याती आहे. खाण्याच्या काउंटरवर साधं पाणी मागा, विकतच्या बाटल्या घेत सुटू नका.

उपाशीपोटी राइडवर जाऊ नका आणि तट्ट पोटानेही नको. थोडं थोडं खात राहा. खिशात आलेपाक ठेवा, मळमळीला खरोखर उपयोगी पडतो. बीपी, पाठीचं दुखणं, मानेचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर मोठ्या कोस्टरवर नकोच.

आणि बायकांसाठी: मंगळसूत्र, लोंबते कानातले घरी. चष्म्याला दोरी. पायात चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट. दिवसभरात किती चालणं होतं ते संध्याकाळी पोटऱ्या सांगतात.

पुण्याहून

मी अमेरिकेत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या पिढीचं पहिलं पार्क म्हणजे गोराईचं एस्सेल वर्ल्ड, १९८९ चं. बोटीतून खाडी ओलांडायची, बोटीतच पोरं नाचायला लागायची. ते आता बंद आहे. माझ्या मुलीचं पहिलं पार्क खोपोलीजवळचं इमॅजिका, आणि पहिला मोठा कोस्टर तिथला नायट्रो. नायट्रोच्या गाडीला पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबतात. तिने आधी खाली उभं राहून पाच-सहा गाड्या जाऊ दिल्या. मी एकदाही 'चल' म्हटलं नाही. मग स्वतःच म्हणाली, "बाबा, आता."

ताई, तुमच्या धाकटीला आणि आजी-आजोबांनाही हा बघण्याचा वेळ द्या. ओढून नेलेलं माणूस पुन्हा फिरकत नाही. जुलैआधी कुणी भारतात येणार असेल तर मुलाला इमॅजिकात नेऊन बघा, त्याची आवड नुसत्या व्हिडिओंची आहे की खरी, ते कळेल.

पिट्सबर्गहून

वरचे आराखडे चांगले आहेत, पण माझं मत थोडं वेगळं पडतं. पहाटे निघून, दार उघडताच मागे धावून, यादीवर टिका मारत रात्री परतायचं, हे कोस्टरवेड्यांना शोभतं. सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतली माणसं बरोबर असतील तर जमलं तर एक रात्र मुक्काम करा. १९०५ चं हॉटेल ब्रेकर्स पार्कलाच लागून आहे, समोर तळ्याचा वाळूचा किनारा. तिथे उतरणाऱ्यांना काही राइड्सवर बाकीच्यांच्या आधी सोडतात. कोणत्या राइड्स ते बदलत असतं, त्यांच्या ॲपवर बघा. दुपारी पोरं किनाऱ्यावर, आजी-आजोबा खोलीत, संध्याकाळी ताजेतवाने होऊन परत पार्कमध्ये. सँडस्की गावातली साधी मोटेलंही चालतील.

लांब रांग टाळायच्या 'फास्ट लेन'चे जादा पैसे भरावेत का? चौघा-पाचांसाठी ते भरण्यापेक्षा मी ते मुक्कामात घालीन. फक्त मुलगा आणि त्याचे बाबा मोठ्या राइड्स करणार असतील आणि नेमका शनिवारच मिळत असेल, तर त्या दोघांपुरते भरा. ऑक्टोबरात भुताखेतांचा हॅलोवीकेंड्स हा उत्सव असतो, तेव्हा शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलीला घेऊन पहिली भेट तेव्हा नकोच.

सँडस्कीजवळ राहणारी

जूनमध्ये कुणी जाणार असेल तर मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्यांबद्दल ऐकून ठेवा. तळ्यातून ढगांनी निघतात, दिव्यांवर, भिंतींवर, कपड्यांवर बसतात. चावत नाहीत, पायाखाली कुरकुरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला किळस येते, पण पाणी चांगलं असल्याची ती खूण आहे. जुलै उतरताना बहुतेक ओसरलेल्या असतात.

शिकागोहून, आई-बाबांना घेऊन गेलेला

सासूबाईंच्या दिवसाबद्दल विचारलंत, त्यावर कमी लिहिलं गेलं म्हणून लिहितो. माझी आई साताऱ्याची, गुडघ्यांनी बेजार. तिला एका बाकावर बसवून पिशव्या राखायला लावायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

सकाळी स्काय राइडच्या पाळण्यात बसवलं. तो मधल्या रस्त्यावरून हळू जातो, खाली अख्खं पार्क दिसतं. मग फ्रंटियर ट्रेल, झाडीतली वाट. जुन्या लाकडी खोल्या, लोहाराचं काम, काच फुंकून वस्तू बनवणारे कारागीर. आई त्या काचवाल्यापुढून हलेना. तापलेला लाल गोळा नळीच्या टोकावर फिरवत त्याने फुंकर घातली आणि त्याचा पक्षी झाला, तशी ती मला म्हणाली, "आपल्याकडे कासार असेच बसायचे रे." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी त्याने तिला दोनदा करून दाखवलं.

बाबांना सीडर डाउन्स आवडलं. १९२० चं जुनं यंत्र आहे, मेरी-गो-राउंडसारखं दिसतं, पण चार-चार घोडे रांगेत आणि फिरता फिरता ते मागे-पुढे सरकून शर्यत लावतात. वेग बऱ्यापैकी घेतं, घोड्याचा दांडा घट्ट धरता येणाऱ्यांनीच बसावं. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी १९१२ चं संथ मेरी-गो-राउंड आहे, कोरीव लाकडी घोड्यांचं.

आणि आगगाडी. कोळशावर चालणारं खरं वाफेचं इंजिन, १९६३ पासून धावतंय. सातारा रोडवर गाडीची वाट बघत वाढलेली आई धुराच्या वासाने उठून उभी राहिली. वाटेत हाडांच्या सांगाड्यांचं एक गाव मांडलंय, तिथे लहान मुलं खिदळतात. गाडी पुढच्या स्टेशनातून निघून मागे फ्रंटियरटाउनला थांबते, म्हणजे तुमचा मुलगा स्टील व्हेंजन्सच्या रांगेत असेल तेव्हा आजी-आजोबा आणि नात गाडीने तिथे येऊ शकतात. त्याची गाडी सुटताना कठड्यापाशी उभं राहून बघायला भरपूर जागा आहे. व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती दाराशीच घ्या. आईने आधी नको म्हटलं, दुपारी तीच म्हणाली बरं झालं घेतलीस.