दमट उकाड्यातली मॅरेथॉन: 35 दिवसांत गटाची तयारी कशी करून घ्यावी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. नऊ धावपटूंचा गट आहे, लक्ष्य 3:20 तासांपासून 4:40 तासांपर्यंत. सराव कोरड्या, थंड हवेत चालतो: पहाटे 15 अंश, आर्द्रता 40 टक्के. शर्यत 35 दिवसांवर आहे आणि तिथे सुरुवातीलाच 26 अंश व 85 टक्के आर्द्रता असते. मागचे धावपटू पोहोचेपर्यंत पारा 31 वर गेलेला असेल. तिथे तीनच दिवस आधी पोहोचता येईल. हाताशी एक बंद खोली, दोन ट्रेडमिल, हीटर आणि गरम पाण्याचा टब आहे.

उकाड्याचा सराव कधी सुरू करावा, रोज किती, पेस (पळण्याचा वेग) किती कमी धरावा आणि पाण्या-मिठाचं काय, हे जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. भरपूर पाणी प्या आणि सावकाश पळा, एवढं ठाऊक आहे.

लांबपल्ला

आधी आर्द्रतेची टक्केवारी बाजूला ठेवून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) बघायला लागा. 26 अंशांना 85 टक्के आणि 31 अंशांना 63 टक्के, दोन्हीकडे दवबिंदू साधारण 23 अंशच येतो. ऊन चढताना टक्केवारी उतरते आणि धावपटूला वाटतं हवा सुटली. हवेतलं पाणी मात्र तेवढंच असतं.

घाम किती वेगाने उडेल हे त्वचेवरचा आणि हवेतला बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा दाब) यांच्यातल्या फरकावर ठरतं. ओल्या त्वचेचं तापमान 35 अंश धरलं तर तिथे 5.6 किलोपास्कल. तुमच्या पहाटेच्या हवेत 0.7, म्हणजे फरक 4.9. शर्यतीच्या हवेत 2.9, म्हणजे फरक 2.7. थंड होण्याची क्षमता जवळपास निम्मी झाली. 40 अंश आणि 20 टक्के अशा रखरखीत हवेतसुद्धा हा फरक 4.1 असतो. म्हणून भर दुपारी कोरड्या उन्हात पळवून दमट शर्यतीची तयारी पुरती होत नाही.

60 किलोचा धावपटू ताशी 12 किमीने पळताना तासाला साधारण 720 किलोकॅलरी खर्च करतो, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कागदावर हिशोब जुळतो. पण कोपरावरून ठिबकलेला घाम काहीच गार करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ जातं.

आता वेळापत्रक. पहिले 12-13 दिवस नेहमीचाच सराव करा. शेवटचा मोठा लाँग रन याच काळात, थंड हवेतच उरकून घ्या. शर्यतीच्या 22 दिवस आधी खोलीतला सराव सुरू करा आणि 10 दिवस आधीपर्यंत 10 ते 12 सत्रं करा. त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी 40-45 मिनिटांचं एक, शेवटचं निघायच्या आदल्या दिवशी. उष्णतेची सवय सोडली की दिवसाला अंदाजे अडीच टक्क्यांनी उतरते, म्हणून 35 दिवस आधी खोली तापवून नंतर विसरून गेलात तर केलेलं वाया जाईल.

खोली 33 अंश आणि 60 टक्क्यांवर धरा, बाष्पदाब शर्यतीच्या हवेएवढाच येतो. हीटर आणि वाफेचं भांडं किंवा ह्युमिडिफायर, आणि तापमान-आर्द्रता दोन्ही दाखवणारा मीटर ट्रेडमिलच्या उंचीवर टांगलेला. जमिनीवर ठेवलात तर दोन-तीन अंश कमी दाखवेल. पंखा मंद असू दे. बाहेर पळताना आपोआप वारा मिळतो, ट्रेडमिलवर तो शून्य असतो आणि शून्य वाऱ्यात शरीर फार लवकर तापतं.

पहिले दोन दिवस 30-40 मिनिटं, तिसऱ्या दिवसापासून 60, सहाव्यापासून 60 ते 75. वेग हार्ट रेटने ठरवा: स्वतःच्या कमाल हार्ट रेटच्या 70 ते 75 टक्के, वर गेला की चाला. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रक्तातला द्रव वाढतो आणि त्याच हार्ट रेटला वेग थोडा सुधारतो. घाम लवकर आणि जास्त येणं, त्यातलं मीठ कमी होणं, याला मात्र 10 ते 14 दिवस लागतात. पाचव्या दिवशी "जमलं" म्हणून थांबणारे इथेच फसतात.

आणि इंटरव्हल (तुकड्यातुकड्यांत जोरात पळणं), टेम्पो (सलग वेगात पळणं) थंड हवेतच घ्या. दमट खोलीत टेम्पो घेतला तर पायांना अपेक्षित वेग मिळत नाही, शरीर मात्र गरजेपेक्षा जास्त तापतं. दोन्ही हेतू एकाच सत्रात साधायला जाऊ नका, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

घामाचा हिशोब

पाण्याबद्दल मी लिहितो. सगळ्या गटाला एकच आकडा सांगणं ही सर्वांत मोठी चूक. प्रत्येकाची घामाची चाचणी खोलीतच घ्या:

लघवी करून, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. शर्यतीच्या अंदाजी कष्टाने एक तास पळणं. प्यालेलं पाणी मोजून. पुन्हा अंग पुसून, ओले कपडे उतरवून वजन. उदाहरणार्थ आधी 62.4, नंतर 61.0, मधे अर्धा लिटर प्यालं, तर घाम 1.9 लिटर. ओले कपडे अंगावर ठेवून वजन केलं तर 200-300 ग्रॅम घाम कपड्यांतच मोजला जातो आणि आकडा खोटा येतो. चाचणी दोनदा घ्या, पहिल्या आठवड्यात आणि सवय झाल्यावर, कारण दुसऱ्या वेळी घाम वाढलेला असतो.

1.9 लिटर घाम जातोय म्हणून तासाला 1.9 लिटर पाजायचं नाही. पळताना पोट साधारण 0.8 ते 1 लिटरच पुढे ढकलतं, उकाड्यात त्याहून कमी. बाकीचं पोटात डचमळतं आणि 30 किमीनंतर उलटी होते. शेवटी वजन 2-3 टक्के कमी भरलं तर चालेल.

जास्त काळजी हळू धावपटूंची करा. 4:40 वाला, घाम तासाला 0.8 लिटर, एकूण 3.7 लिटर. दर 2 किमीवर एड स्टेशन (पाणी-मदतीचा थांबा) आणि प्रत्येक ठिकाणी 250 मिली प्यायला तर 5 लिटरच्या वर जातं. हे जास्तीचं पाणी रक्तातलं सोडियम पातळ करतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, 13 टक्के जणांचं सोडियम घसरलेलं निघालं, आणि शर्यतीत वजन वाढणं हे त्याचं ठळक लक्षण होतं. म्हणून नियम सोपा ठेवा: शर्यतीनंतरचं वजन आधीपेक्षा जास्त भरता कामा नये.

मीठ: घामात लिटरमागे साधारण 500 ते 1800 मिलिग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक प्रचंड फरक. काळ्या टोपीवर पांढरे पट्टे उमटणारे, डोळे चुरचुरणारे धावपटू वरच्या टोकाचे. सुरुवात म्हणून लिटरभर पाण्यात 60 ग्रॅम साखर आणि दीड ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम. पट्टेवाल्यांना अडीच ग्रॅम मीठ. साखर 80 ग्रॅमच्या पुढे नेऊ नका, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. जेलसोबत (पळताना खायची साखरेची घट्ट पेस्ट) साधं पाणीच. जेल आणि साखरपाणी एकदम गेलं की पोट बिघडतं. पण मीठ खाल्लं म्हणून हवं तेवढं पाणी प्यायची मोकळीक मिळत नाही, हे गटाला नीट समजावून सांगा.

पाऊलवाट

@लांबपल्ला, @घामाचा हिशोब, मनापासून आभार. खोलीत एका वेळी दोघंच मावतात, नऊ जणांना रोज तास देणं अवघड आहे. टब वापरला तर चालेल का? पेसचा प्रश्नही राहिलाच. आणि गटातले दोघं शर्यतीआधी आयबुप्रोफेन घेतात, त्यांना काय सांगू?

टाचेचा ठोका

टब चालतो, आणि चांगला चालतो. बाहेर थंड हवेत 40 मिनिटं सोपं पळणं, लगेच 40 अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत, जास्तीत जास्त 40 मिनिटं, सलग 6 दिवस. पहिल्या दिवशी 15-20 मिनिटंच जमतील, तेवढी पुरे. रोज थोडी वाढवा. पाणी थर्मामीटरने मोजा, हाताचा अंदाज दोन अंशांनी चुकतो, आणि 42 अंशांना माणूस फार वेळ सहन करू शकत नाही. बाहेर येताना आधी काठावर दोन मिनिटं बसायचं. एकदम उभं राहिलं की रक्तदाब पडतो आणि तोल जातो. एकट्याने टबात बसायचं नाही. ज्यांना खोली मिळते त्यांना त्याच दिवशी टब नको.

शक्य असेल तर टबवाल्यांनाही किमान तीन-चार वेळा खोलीत पळवा. टबात शरीर सवय करून घेतं, पण तापलेल्या अंगाने पेस कसा धरायचा हे तिथे शिकता येत नाही.

पेससाठी एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. केनियाची मॅरेथॉनपटू रूथ चेपंगेटिच हिने जानेवारी 2019 मध्ये दुबईत 2:17:08 वेळ दिली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस दोहाच्या जागतिक स्पर्धेत ती जिंकली, वेळ 2:32:43. शर्यत मध्यरात्री सुरू केली होती, ऊन नव्हतंच, तरी 68 पैकी 28 जणींनी ती अर्ध्यात सोडली. पदकाची शर्यत डावपेचांनी मंदावते हे खरं, पण साडेपंधरा मिनिटांमागे मुख्यतः उकाडाच आहे.

तुमच्या गटासाठी: 3:20 वाल्यांनी पहिले 10 किमी थंड हवेतल्या लक्ष्यापेक्षा किमीमागे 15-20 सेकंद हळू, 4:40 वाल्यांनी 35-45 सेकंद हळू. मागचे जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि त्यांच्या वाट्याला 31 अंश येतात, म्हणून त्यांना सूट जास्त. 10 ते 30 किमी घड्याळातला पेस झाकून फक्त हार्ट रेट बघा. तो हळूहळू चढणारच, 8-10 ठोक्यांपर्यंत चालेल. त्यावर गेला तर पुढच्या एड स्टेशनवर मिनिटभर चाला. सुरुवातीला "वेळ जमा करून" ठेवायचा विचार दमट शर्यतीत सर्वांत महाग पडतो.

आयबुप्रोफेन बंद. घाम गळताना मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जातं, त्यात ही गोळी तो पुरवठा आणखी आवळते आणि शरीरात पाणी साठवते, म्हणजे वर सांगितलेला सोडियमचा धोकाही वाढतो. सर्दीच्या काही गोळ्या घाम कमी करतात, त्याही विचारून घ्या. शर्यतीच्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झालेल्याला उभं करू नका, कितीही वाईट वाटलं तरी.

गारवा

धोक्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. उष्माघात झालेल्या धावपटूची त्वचा कोरडीच असेल असं धरून बसू नका. पळताना होणाऱ्या उष्माघातात बहुतेक वेळा घाम चालूच असतो. बघायचं ते डोकं: वाकडं पडणारं पाऊल, चिडचिड, किलोमीटर विचारला तर भलतंच उत्तर. असं दिसलं की तो पुढे जाणार नाही, त्याने कितीही हट्ट केला तरी.

काखेत, कपाळावर, कानात मोजलेलं तापमान अशा वेळी फसवं कमी येतं. गुदद्वारातलंच खरं. ते 40 च्या वर आणि भान बिघडलेलं असेल तर आधी गार करणं, नंतर हलवणं. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत, काखेखालून एकाने धरून, पाणी सतत ढवळत. न ढवळलेल्या पाण्यात अंगाभोवती कोमट थर बसतो. 39 च्या खाली आलं की बाहेर. हे पहिल्या 30 मिनिटांत व्हायला हवं, रुग्णवाहिका बोलवा पण तिची वाट बघत बसू नका. टब नसेल तर ताडपत्रीचे चार कोपरे चौघांनी धरून मधे बर्फ-पाणी, तेही नसेल तर बर्फात बुडवलेले टॉवेल अंगभर, दर दोन मिनिटांनी बदलून. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

सोडियम घसरलेलाही गोंधळलेला असतो, पण तापमान फार चढलेलं नसतं, बोटं-अंगठी घट्ट, डोकेदुखी, मळमळ. त्याला "पाणी कमी पडलं" समजून साधं पाणी पाजलं तर जीवावर बेतू शकतं. थेट डॉक्टरांकडे.

लांबपल्ला

@गारवा ताईंचा प्रतिसाद छापून गटाच्या मदतनिसांना द्या, एवढी विनंती.

अंग गार ठेवण्याबद्दल थोडं. दमट हवेत डोक्यावर ओतलेलं पाणी फारसं उडत नाही, खाली बुटात मात्र जातं. ओला मोजा, मऊ पडलेली त्वचा, 25 किमीला फोड. पाणी मानेवर आणि हातांवर, पुढे वाकून ओता. त्याऐवजी बर्फ मिळाला तर टोपीखाली किंवा पातळ कापडी नळीत भरून गळ्याभोवती, तो स्पर्शानेच उष्णता ओढतो. फक्त एक सावधगिरी: मान गार झाली की बरं वाटतं आणि माणूस वेग वाढवतो, आतलं तापमान मात्र उतरलेलं नसतं. हार्ट रेटची मर्यादा तशीच पाळा. सुरुवातीच्या अर्धा तास आधी बर्फाचा चुरा, किलोमागे 7.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोला 450 ग्रॅम, थोडा थोडा खाल्ला तर आतूनच अर्धा अंश सूट मिळते. आधी सरावात दोनदा करून बघा, काहींना पोटात कळ येते. जांघ, काख, स्तनाग्रं इथे व्हॅसलिन नेहमीच्या दुप्पट लावा.

पाऊलवाट

शेवटचं एक. पोहोचल्यावरचे तीन दिवस कसे घालवायचे? एसीत राहिलं तर सवय मोडते का?

टाचेचा ठोका

मोडत नाही. झोप गार खोलीतच घ्या, उकाड्यात अपुरी झोप जास्त महाग पडेल. पहिले दोन दिवस शर्यतीच्याच वेळेला बाहेर 25-30 मिनिटं अगदी सोपं पळा, त्यात शेवटी एकेक मिनिटाचे तीन तुकडे शर्यतीच्या सुधारित पेसने. आदल्या दिवशी 15 मिनिटं किंवा काहीच नाही. तिन्ही दिवस सकाळी उठल्या उठल्या वजन घ्या. एका दिवसात एक टक्क्याहून जास्त उतरलं तर त्या दिवशी जेवणात मीठ आणि सोबत पाणी वाढवा. चढलं तर पाण्याची बाटली घेऊन फिरणं थांबवा.